नकाशात निळं, हाताला चटका

मागच्या अंकात उपग्रहांनी टिपलेले भूपृष्ठ तापमानाचे नकाशे वर्गात कसे वापरावेत यावर दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. बरीचशी पत्रं शिक्षकांची, काही पालकांची, एक चक्क आजोबांचं. 'नकाशे मिळतात कुठे' एवढंच विचारणाऱ्यांना एकदमच सांगते: नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या संकेतस्थळावर रोजचे नकाशे फुकट बघता येतात, खातंही उघडावं लागत नाही. आपल्या इस्रोच्या 'भुवन' आणि 'मोसडॅक'वरही भारतापुरतं बरंच काही आहे. आता प्रश्नांकडे वळू.

नववीच्या वर्गात मागच्या मे महिन्यातला सकाळचा भूपृष्ठ तापमानाचा नकाशा दाखवला. 'शहरं म्हणजे उष्णतेची बेटं' हे आधीच शिकवून झालं होतं. नकाशात मात्र छत्रपती संभाजीनगर शहर पिवळसर आणि भोवतालची शेतं लालभडक. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, बेट तर उलटं आहे." नकाशा चुकला की मी? – माध्यमिक शिक्षिका, पैठण

दोघंही नाही. नकाशा बरोबर आहे आणि तुमचा धडाही. फक्त दोघं वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलतायत. आणि त्या मुलाला पुढच्या बाकावर आणू नका, तिथून त्याला छान दिसतंय.

उपग्रह हवेचं तापमान मोजत नाही, इथून सुरुवात करा. जमिनीच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून जे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर पडतात ते तो टिपतो आणि त्यावरून त्या पापुद्र्याचं तापमान काढतात. हवामान खात्याचा आकडा असतो तो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा. भाकरी टाकण्याआधी आपण तव्याच्या वर हात धरून अंदाज घेतो, तव्याला हात लावत नाही. पेटीतला तापमापक म्हणजे वर धरलेला हात, आणि उपग्रहाचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष तवा. मेच्या दुपारी हवा ४२ अंशांवर असताना उघडी काळी माती ५५ च्या पुढे सहज जाते.

वर्गात सांगायला एक नामी उदाहरण आहे. २९ एप्रिल २०२२ ला, उत्तर भारत उष्णतेच्या लाटेत होरपळत असताना, युरोपच्या 'सेंटिनेल-३' उपग्रहाने सकाळी साडेदहाच्या सुमारास वायव्य भारताचा असाच नकाशा टिपला. त्यात जयपूर आणि अहमदाबाद शहरं ४७ अंशांच्या घरात होती आणि अहमदाबादच्या आग्नेयेला नि नैर्ऋत्येला जमीन सुमारे ६५ अंशांवर गेली होती. झालं! 'भारतात पारा साठीपार' असे संदेश फोनाफोनी फिरले. पारा कुठेच साठीपार नव्हता, माती होती. पण त्या गदारोळात खरी मजेची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. शहर ४७ आणि बाहेरचं रान ६५. तुमच्या शेवटच्या बाकाने नेमकं तेच पकडलंय.

असं का होतं? एप्रिल-मेमध्ये रान रिकामं असतं. रब्बी निघालेली, नांगरट होऊन ढेकळं वाळलेली. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, त्यामुळे वरची ऊब खाली झिरपत नाही, सगळी वरच्याच पापुद्र्यात साठते. बाष्पीभवन होऊन जमीन निवायची तर त्यासाठी ओल लागते, ती तर नाहीच. शहरात झाडं असतात, इमारतींच्या सावल्या असतात, कुठे बागेला पाणी दिलेलं असतं. शिवाय सिमेंट-काँक्रीट तापायला वेळ घेतं. सकाळी साडेदहाला ते अजून जांभया देत असतं.

रात्री पारडं फिरतं. रानातली माती जशी झटकन तापते तशीच झटकन निवते. काँक्रीट मात्र दिवसभर पोटात घेतलेली ऊब रात्रभर सोडत बसतं. म्हणून मेच्या रात्रीच्या नकाशात शहर ठळकपणे गरम उठून दिसतं. आपल्या देशातल्या बऱ्याच शहरांबाबत संशोधकांना हेच आढळलंय: उन्हाळ्यात दिवसा उलटं बेट, रात्री सुलटं.

तेव्हा एक नकाशा दाखवून थांबू नका, तीन दाखवा. मेचा दिवसाचा, मेचाच रात्रीचा आणि पावसाळा सरल्यावरचा ऑक्टोबरचा दिवसाचा, जेव्हा शेतं हिरवी असतात आणि शहर दिवसासुद्धा भोवतालापेक्षा गरम दिसू शकतं. वर्ल्डव्ह्यूवर 'टेरा' आणि 'अ‍ॅक्वा' या दोन उपग्रहांचे दिवसाचे आणि रात्रीचे थर वेगवेगळे मिळतात. टेराची मूळ वेळ सकाळी आणि रात्री साडेदहाची (आता जुना झालाय, त्याहून आधी येतो), अ‍ॅक्वाची मूळ वेळ दीडची. वेळ फळ्यावर आधी लिहा आणि मगच नकाशा उघडा. आणि तुम्ही पैठणच्या, म्हणजे नाथसागर हाताशी आहे. दिवसाच्या नकाशात तो गार डाग दिसेल आणि रात्रीच्या नकाशात हाच डाग भोवतालच्या जमिनीपेक्षा उबदार. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, हे वाक्य मुलं सहावीपासून पाठ म्हणतात. ते आपल्या धरणावर घडताना त्यांनी एकदा तरी बघावं.

जून २०२० च्या जागतिक नकाशात सायबेरिया गडद लाल आणि विदर्भ जवळजवळ पांढरा. मुलांनी निष्कर्ष काढला की सायबेरिया नागपूरपेक्षा गरम. कितीही समजावलं तरी पटत नाही. – शिक्षक, नागपूर

कसं पटेल? वर्षभर तुम्हीच सांगितलंय की लाल म्हणजे गरम. हा नकाशा तापमानाचा नाहीच, नेहमीच्या सरासरीपासून किती फरक पडला त्याचा आहे. सूचीत, म्हणजे नकाशासोबतच्या रंगपट्टीत पाहा: ३०, ४०, ५० असे आकडे नसतील. मध्ये शून्य आणि दोन्ही बाजूंना उणे-अधिक असतील. पांढरा म्हणजे 'नेहमीसारखं'. नागपूरला नेहमीसारखं म्हणजे काय हे तुमच्या मुलांना मी काय सांगणार!

त्या महिन्यात सायबेरियात खरोखरच अघटित घडलं होतं. आर्क्टिक वृत्ताच्या आत असलेल्या वेर्खोयान्स्क गावात २० जूनला हवेचं तापमान ३८ अंश नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे ते अधिकृत मानलं. नागपूरकराला मेमध्ये ३८ अंश मिळाले तर तो संध्याकाळी फिरायला निघेल.

सांगून भागत नसेल तर वजाबाकी करून घ्या. पाच ठिकाणांची दोन रकाने असलेली यादी द्या, एकात नेहमीची सरासरी, दुसऱ्यात यंदाचा आकडा. आकडे कल्पित असले तरी चालतील, पण तसं सांगा. नेहमीचे १५, यंदा २३: फरक अधिक ८. नेहमीचे ४०, यंदाही ४०: फरक शून्य. मुलांनी फक्त फरकाच्या रकान्याला रंग द्यायचा. स्वतःच्या हाताने ४० अंशांना पांढरा आणि २३ अंशांना लाल रंग लावला की पुन्हा समजावायची वेळ येत नाही. हुशार वर्ग असेल तर पुढचा प्रश्न टाका: 'नेहमीचं' कोणत्या वर्षांचं? नासाच्या एका प्रसिद्ध मालिकेत १९५१ ते १९८० ची सरासरी धरतात, काही उपग्रही नकाशांत २००१ ते २०१० ची. पाया बदलला की तोच महिना कमी-जास्त लाल दिसतो. यावर मुलं चांगली भांडतात. भांडू द्या.

नातवाच्या प्रकल्पासाठी जुलैचा नकाशा काढला. देश रंगीत आणि आमचं कोकण कोरं! कोकणावर हा अन्याय का? – एक आजोबा, रत्नागिरी

आजोबा, कोकणावर अन्याय होतात, पण हा त्यातला नव्हे. अवरक्त किरण ढगांमधून आरपार येत नाहीत. जुलैमध्ये कोकण आणि सह्याद्री ढगांखाली झाकलेले असतात, म्हणून उपग्रहाला जमीन दिसतच नाही आणि ती जागा कोरी सोडतात. आठ-आठ दिवसांचे नकाशे एकत्र केले तरी आषाढात भोकं राहतातच. नातवाला जानेवारीचा नकाशा काढायला सांगा. जुलैचाही टाकून देऊ नका, शेजारी चिकटवा आणि खाली 'इथे ढग होते' असं लिहायला लावा. कोरी जागा म्हणजे थंड जागा नव्हे, हे प्रकल्पात लिहिणारा तो कदाचित एकटाच असेल.

जाता जाता, टीव्हीवर हवामानाच्या बातमीत इन्सॅटचं जे काळं-पांढरं चित्र दाखवतात, त्यातलं अवरक्त चित्रही तापमानाचंच असतं. तिथे गार ते पांढरं. उंच ढगाचा माथा उणे ६०–७० अंशांपर्यंत गार असू शकतो, म्हणून तो चमकतो. नातवाला विचारून पाहा.

आमच्या शाळेत नेट धड चालत नाही, प्रोजेक्टर बंद आहे. रंगीत छपाई परवडत नाही, झेरॉक्स काढतो. असे नकाशे शिकवायचे तरी कसे? – शिक्षक, जत तालुका

झेरॉक्सचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तो कुणी काढत नाही. इंद्रधनुषी रंगांचा नकाशा काळा-पांढरा झाला की गडद लाल आणि गडद निळा दोन्ही सारखेच काळपट येतात आणि मधला पिवळा पांढरा होतो. म्हणजे सगळ्यात तापलेली जागा आणि सगळ्यात गार जागा एकाच रंगात! अशी झेरॉक्स वाटण्यापेक्षा काहीच न वाटलेलं बरं. एखाद्या दिवशी तालुक्याच्या गावी नेट मिळालं तर वर्ल्डव्ह्यूमध्ये रंगपट्टी बदलून एकाच रंगाची फिकट ते गडद अशी घ्या, तिची झेरॉक्स नीट वाचता येते. वर्गात लाल-हिरवा फरक न कळणारा एखादा मुलगा असतोच, त्याचंही काम होतं.

पण तुम्हाला नकाशा लागेलच असं नाही. उपग्रहाकडून मुळात रंग येत नाहीत, आकडे येतात. तेव्हा आकड्यांपासून सुरुवात करा. चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौरस आखायला सांगा आणि चौसष्ट आकडे फळ्यावर लिहून द्या. एक तिरकी ओळ ३१–३२ ची, ती नदी. तिच्या दोन्ही अंगांना ३४ ते ३७, तो ऊस. एका कोपऱ्यात चार-पाच चौकटी ४३–४५ च्या, ते गाव. उरलेलं सगळं ४८ ते ५४, पडीक आणि नांगरलेलं रान. काय कुठे आहे ते मात्र सांगायचं नाही.

वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने शून्य ते ६० अशी पट्टी घ्यायची, दर दहा अंशांना एक रंग. त्यांच्या वहीत तीनच रंग उमटतात आणि नदी नि ऊस एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्या गटाने ३० ते ५४, दर चार अंशांना एक रंग. त्यांना नदी वेगळी दिसते, ऊस वेगळा, गाव वेगळं. तिसऱ्या गटाने ४० च्या वर सगळं लाल, खाली सगळं निळं. त्यांचा तालुका पेटलेला दिसतो. मग तिन्ही वह्या भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला बोलावून विचारा, यातला सगळ्यात गरम तालुका कुठला? ती तिसऱ्याकडे बोट दाखवते. आकडे तेच आहेत हे सांगितलं की वर्गात जो कलकलाट होतो त्यासाठी शिक्षक व्हावं.

यानंतर सूची न वाचता नकाशावर बोलणारा मुलगा तुमच्या वर्गात सापडणार नाही. वर्तमानपत्रातला नकाशा आला तरी आधी पट्टीची दोन टोकं बघेल. माझ्या मते संपूर्ण घटकात एवढं एक आलं तरी पुष्कळ झालं. सूची न छापता नकाशा छापणाऱ्या पाठ्यपूरक पुस्तिका मी बाजूला ठेवते, चित्र कितीही सुंदर असो.

प्रकल्पासाठी टेरा उपग्रहाची फाइल उतरवली. तापमानाच्या जागी १५,८०० असले आकडे आहेत. काही ठिकाणी शून्य. सरासरी भलतीच येते. – बारावीचा विद्यार्थी, सोलापूर

आकड्याला ०.०२ ने गुण, केल्विन मिळतील. त्यातून २७३.१५ वजा कर. १५,८०० चे ३१६ केल्विन, म्हणजे ४२.८५ अंश सेल्सिअस. अपूर्णांकाऐवजी पूर्णांक साठवला की फाइल लहान राहते, म्हणून ही उठाठेव. शून्य म्हणजे 'माहिती नाही', बहुधा ढग. ते सरासरीत धरलेस तर सोलापूर अंटार्क्टिकाच्याही पलीकडे जाईल, तेव्हा आधी वगळ. आणि हे सगळं प्रकल्पाच्या वहीत 'पद्धत' या मथळ्याखाली लिही, परीक्षक नक्की विचारतात.

लोणारचं सरोवर तापमानाच्या नकाशात शोधायला सांगितलं तर मुलांना सापडलंच नाही. – शिक्षिका, बुलढाणा जिल्हा

टेरा-अ‍ॅक्वाचा नकाशा वापरला असणार. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण एक किलोमीटरचा चौरस. लोणारचं विवर जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि आतलं पाणी सव्वा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अख्खं सरोवर एका-दोन ठिपक्यांत, तेही काठाची झाडी आणि विवराचा उतार यांच्यात मिसळून. ठिपक्याला एकच आकडा मिळतो, आत काय काय आहे ते तो सांगत नाही. 'लँडसॅट-८' किंवा '९' चा नकाशा घ्या. त्यांचा उष्णतेचा ठिपका मूळ १०० मीटरचा (फाइलमध्ये तो ३० मीटरचा करून देतात), त्यात सरोवर गोल दिसतं. मोबदला असा की लँडसॅट एकेका जागेवरून सोळा दिवसांनीच जातो. रोज बघायचं तर ढोबळ, बारीक बघायचं तर कधीतरी. इन्सॅट-३डीआर सारखा उपग्रह दर अर्ध्या तासाला बघतो, पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा. त्यात लोणार तालुक्यात विरघळून जातं.

कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची बंदूक शाळेच्या कपाटात पडून आहे. ती या धड्यासाठी चालेल का? आम्ही पत्र्याच्या छपरावर धरून पाहिली तर 'लो' की काहीतरी आलं, आणि पत्रा तर भाजत होता. – मुख्याध्यापक, माण तालुका

कपाळाच्या बंदुका माणसाच्या अंगाच्या तापमानापुरत्याच बनवलेल्या असतात. उन्हाळ्यातली माती दाखवली की 'हाय' म्हणून हात वर करतात. काहींवर 'सरफेस' असं दुसरं बटण असतं, ते दाबून पाहा. नसेल तर इलेक्ट्रिशियन आणि गॅरेजवाले वापरतात ती अवरक्त तापमापी घ्या. साधी घेतली तरी पुरते. तिचा लाल ठिपका मोजत नाही, नुसता नेम दाखवतो. मुलांना एकमेकांच्या डोळ्यांवर मारू देऊ नका.

पत्र्याचं म्हणाल तर बंदूक फारशी दोषी नाही. चकचकीत धातू स्वतःचे अवरक्त किरण फार कमी सोडतो आणि समोरचे मात्र परतवतो. वर तिरकी धरलेली बंदूक पत्र्यात आकाशाचं प्रतिबिंब वाचते, आणि निरभ्र आकाश अवरक्तात चांगलंच गार असतं. माती, पाणी, गवत, डांबर यांच्याबाबत ही अडचण फारशी येत नाही. नकाशातही हेच दिसतं: औद्योगिक वसाहतीतल्या नव्या पत्र्यांच्या शेड कधी कधी निळ्या दिसतात. रंगवलेले किंवा गंजलेले पत्रे तसे फसवत नाहीत.

मुलांसमोर करायचं असेल तर पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या शेजारी-शेजारी, चार बोटं रुंदी होईल अशा घट्ट चिकटवा, टेप पत्र्याइतकी तापेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा. मग एकदा टेपवर आणि एकदा शेजारच्या उघड्या पत्र्यावर, बंदूक अगदी जवळ धरून आकडा वाचा. छपरावर चढू नका, कंपाउंडला टेकवलेला सुटा पत्रा पुरे. टेराच्या सकाळच्या वेळेला करा, म्हणजे त्याच दिवसाचा टेराचा नकाशा दुसऱ्या दिवशी शेजारी लावता येईल.